लाल रंगाखालची घरं

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, चष्म्याची नव्हे आणि आरशाची तर मुळीच नव्हे. मी फोटोची काच आहे. तुमच्या फोनमध्ये चुटकीसरशी फोटो निघतो आणि नावडला तर चुटकीसरशी जातोही. पूर्वी एका फोटोला एक अख्खी काच लागायची. माझ्या एका अंगावर औषधाचा पातळ पापुद्रा आहे. त्यावर उजेड पडला की समोर जे असेल ते उमटतं, पण उलट्या रंगात, म्हणजे पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. मग माझ्याखाली कागद ठेवून उजेड दिला की कागदावर सगळं सरळ होतं. एवढं समजलं तर पुढचं समजेल. नाही समजलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा. मी पुन्हा सांगणार नाही, माझं वय झालंय.

माझा जन्म अंधारात झाला. एका कारखान्यात लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात केस बांधलेल्या मुली आमच्यावर लेप ओतायच्या आणि आम्हाला गार फरशीवर थिजत ठेवायच्या. त्यांना खोकायची बंदी होती, शिंकायची तर विचारूच नका. धुळीचा एक कण बसला तर काच वाया. आम्ही डझनभर बहिणी काळ्या कागदात गुंडाळून एका खोक्यात शिरलो, आणि तेव्हापासून खोकं हेच माझं माहेर झालं.

मला एका साहेबाने विकत घेतलं. तो दूरच्या देशातून आला होता आणि हा देश आपल्याच बापाचा असल्यासारखा वावरायचा. त्याचं राज्यच होतं तेव्हा, त्यामुळे त्याला कोण बोलणार? डोंगरात राहणाऱ्या जुन्या लोकांचे आणि त्यांच्या घरांचे फोटो काढून तो एक जाडजूड पुस्तक करणार होता. "हे लोक आता फार दिवसांचे नाहीत, त्याआधी त्यांची चित्रं घेऊन ठेवली पाहिजेत," असं तो जेवताना सांगायचा. ते फार दिवसांचे का नाहीत, हे मात्र त्याने कधी स्वतःला विचारलं नाही.

हमालांच्या डोक्यावर बसून आम्ही एका टेकडीवर पोहोचलो. तिथे गोल घरं होती. विणलेल्या काठ्यांच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, आणि गवताचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की दारातून जाताना धिप्पाड माणसालाही वाकावंच लागे. साहेबाचं डोकं दोनदा आपटलं. कॅमेऱ्याच्या पोटात असूनही मला ते ऐकू आलं आणि खरं सांगते, बरं वाटलं.

साहेबाने पहिलं घर निवडलं. त्या घरची थोरली बाई आणि तिचं धाकटं पोर दारापुढे येऊन उभं राहिलं. फोटो काढणार म्हणून बाईने केस विंचरले होते आणि बाजारातून आणलेलं नवं झंपर घातलं होतं. साहेबाचं तोंड वाकडं झालं. त्याने दुभाष्याला सांगितलं, "तिला म्हणावं, हे काढ. रोज असता तसे उभे राहा."

"रोज आम्ही पाहुण्यापुढे असेच येतो," बाई म्हणाली.

दुभाष्याने हे साहेबाला सांगितलंच नाही. तो बाईला म्हणाला, "वाद नको गं माय. काढ ते. घटकाभराचा तर प्रश्न आहे."

तिने झंपर काढलं आणि एक जुनं धडुतं अंगाभोवती घेतलं. दाराशी पत्र्याची किटली होती, तीही साहेबाने नजरेआड करायला लावली. मग माझ्यावरचं झाकण निघालं. बाई हनुवटी वर करून अशी उभी राहिली की पापणीही हलवली नाही. पोर मात्र पोरच. कोंबडी पळाली आणि त्याची मान तिकडे वळली. माझ्यात ते धुरासारखं उमटलंय. आणि त्या दोघांच्या मागे टेकडीवर चढत गेलेली सगळी घरं माझ्यात आली, पंगतीला बसल्यासारखी एकामागे एक. साहेबाला ती नको होती, पण उजेडाला आपपरभाव ठाऊक नसतो.

झाल्यावर बाईने दुभाष्याला विचारलं, "आमचं आम्हाला कधी दाखवणार?"

"दाखवतील की," तो म्हणाला. त्यालाही माहीत होतं आणि तिलाही, की कोणी दाखवणार नाही.

शहरात साहेबाच्या छापखान्यात एक रंगारी होता. काचेवरचं चित्र दुरुस्त करायचं त्याचं काम. ज्या भागावर तो दाट लाल रंग लावेल, तिथून उजेड आरपार जायचा नाही, आणि कागदावर तो भाग कोरा पांढरा उतरायचा. एका वाक्यात सांगायचं तर तो रंगाने माणसं आणि झाडं नाहीशी करायचा. मला टेबलावर ठेवून तो शेजाऱ्याला म्हणाला, "मागची गर्दी नको म्हणतात साहेब. एकटं झोपडं जास्त खपतं." घाईत त्याने नेमक्या पापुद्र्याच्या बाजूने रंग लावला. पलीकडच्या कोऱ्या काचेवर लावला असता तर पुढचं सगळं रामायण झालंच नसतं. बाईच्या आणि झोपडीच्या कडेने कुंचला फिरवत त्याने मागची सगळी घरं लाल रंगाखाली पुरली. थंड, चिकट रंग होता तो. अजून आठवला की अंग आकसतं.

मग माझं कौतुक सुरू झालं. पुस्तकात माझं चित्र पहिल्याच पानावर. खाली लिहिलं होतं, 'भटक्या टोळीचं एकाकी झोपडं'. थोरलीचं नाव कुठेच नव्हतं. प्रदर्शनात माझ्या चित्राला पदक मिळालं, मग पोस्टकार्डं निघाली. बघायला आलेले लोक चित्राजवळ येऊन म्हणायचे, "काय अस्सल आहे नाही!" ते ऐकून ऐकून माझे कान किटले. अस्सल असलेलं सगळं तर रंगाखाली होतं. पण काचेला विचारतो कोण?

साहेब गेला. त्याचं राज्यही गेलं. आम्ही तळघरात पडलो. माझ्या बऱ्याच बहिणींना कोणीतरी घासून पुसून लख्ख केलं आणि रोपं वाढवायच्या काचघराच्या खिडक्यांना बसवलं. त्यांच्यावरची माणसं बादलीतल्या पाण्याबरोबर मोरीत गेली. मी वाचले ती खोक्याच्या तळाशी होते म्हणून, दुसरं काही कर्तृत्व नाही. पुढे मला एका संग्रहालयाच्या कोठीत आणून ठेवलं. तिथे धूळ कमी आणि शांतता भरपूर होती. मला वाटलं, चला, सुटले, आता कोणी उजेडात नेणार नाही.

कोठीत एक बाई काम करायची. सगळे तिला काचताई म्हणायचे. ती आम्हाला मऊ ब्रशाने झाडायची, नवीन कागदात गुंडाळायची, आणि कोणी उघड्या बोटांनी हात लावला तर असं बघायची की तो माणूस पुन्हा कोठीकडे फिरकत नसे. तिच्या हाताला ऊब होती. एवढ्या आयुष्यात मला आवडलेले हात तिचेच.

एके दिवशी तिच्याकडे दोघी आल्या. एक वाकलेली म्हातारी आणि तिची शाळेत शिकवणारी भाची. भाचीने साहेबाच्या पुस्तकातलं चित्र टेबलावर ठेवलं.

"ही समोरची आमच्या आत्याची आजी," भाची म्हणाली. "आत्या त्याच टेकडीवर जन्मली. सात वर्षांची असताना सगळ्यांना खाली रस्त्याकडेला हाकलून दिलं. आता टेकडीला सरकारचं तारेचं कुंपण पडतंय. ज्यांची घरं तिथे होती असं दिसेल, त्यांची घराची जागा कुंपणाबाहेर ठेवून परत देणार आहेत."

"मग चांगलं आहे की," काचताई म्हणाली.

"कसलं चांगलं. कचेरीत हेच चित्र पुढे करतात. म्हणतात, इथे वस्ती नव्हतीच, एक भटकं झोपडं होतं. तोंडी सांगितलेलं चालत नाही त्यांना."

"तिथे आमची सात घरं होती," आत्या म्हणाली. "सात. मी काय भुतांमध्ये वाढले?"

काचताईने मला खोक्यातून काढलं आणि खालून दिवा लागणाऱ्या टेबलावर पापुद्र्याची बाजू वर करून ठेवलं. लाल रंगाच्या कडांवरून तिने भिंग फिरवलं. मग तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. खाली काहीतरी झाकलेलं आहे, पण रंग काढताना पापुद्राही निघून येऊ शकतो. तसं झालं तर खाली जे काही असेल ते कायमचं गेलं.

संग्रहालयाचे संचालक आले. त्यांना काही हे पसंत नव्हतं. "रंग हाही इतिहासच आहे," ते म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली. "पण इतिहासावर मला छप्पर घालता येत नाही, साहेब. जागा मिळाली तर घालता येईल."

संचालकांनी डोकं खाजवलं आणि शेवटी हो म्हटलं. पण त्यांची एक अट होती, आणि ती रास्तच होती. असं काम करणारे सगळेच तसं करतात. आधी एका कोपऱ्यात, जिथे महत्त्वाचं काही नसेल, तिथे थोडं करून बघायचं.

काचताई आत्याला म्हणाली, "टेकडी तुम्हाला माहीत आहे. कुठल्या कोपऱ्यात घर नव्हतं?"

आत्या माझ्यावर ओणवी झाली. "उजवीकडे नाला होता. त्या उतारावर कोणीच घर बांधलं नाही." आणि तिने माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. मी पापुद्रा वर करून निजले होते. अशा वेळी माझ्यात डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं, आरशात दिसतं तसं. आत्याला हे कसं ठाऊक असणार? आणि काचताईने तर उलट्या काचा बघण्यात उभा जन्म घातलेला. सवयीने तिला सगळं सरळच दिसायचं. समोरच्या माणसाला ते उलट दिसत असेल, हे त्या वेळी तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या ध्यानात आलं. पण काच ओरडू शकत नाही, फार तर तडकते, आणि मला तेवढंही जमलं नाही.

काचताईने कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, पिळला, आणि त्या कोपऱ्यात हलकेच फिरवला. रंग सुटला आणि त्याच्याबरोबर पापुद्राही आला. तिने हात झटकन मागे घेतला. अंगठ्याएवढी जागा नितळ, कोरी झाली होती. बोळ्यावर नुसता लाल चिखल होता, त्यात काय होतं ते कोणालाही दिसलं नसतं.

"बघा, म्हणूनच मी सांगत होतो," संचालक म्हणाले. "थांबवा हे."

"नाल्याचा उतारच गेला ना," आत्या म्हणाली. "जाऊ दे. त्या नाल्यात मी दोनदा पडलेय."

काचताई हसली नाही. तिने संचालकांकडून थोडी मुदत मागून घेतली. कोठीतल्या फुटक्या, वाया गेलेल्या काचांवर ती आठवडाभर निरनिराळे प्रयोग करत बसली. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. शेवटी तिने दोघींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर कापसाची बारीक काडी तोंडात घालून ओली केली.

"हे काय?" भाचीने विचारलं.

"थुंकी. ती पाण्यासारखी पसरत नाही. रंग सुटतो आणि पापुद्रा फुगत नाही. आमच्यात जुनीच पद्धत आहे. मला आधी सुचायला हवी होती."

"एवढं शिकून शेवटी थुंकीच," आत्या म्हणाली, आणि या वेळी काचताईही हसली.

काम फार सावकाश चाललं. बोटाच्या पेराएवढी जागा झाली की ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. आत्या शेजारी स्टुलावर बसून राहायची, मध्येच तिचा डोळा लागायचा. आणि मला, मित्रांनो, वर्षानुवर्षं अंगावर पडलेली ओली गोधडी कोणीतरी दोऱ्या-दोऱ्याने उचलावी तसं वाटत होतं. एक छप्पर सुटलं, मग दुसरं. एका दारात धूर होता. एका अंगणात कोणाचंतरी धुणं वाळत होतं.

रंग सगळा निघाला तेव्हा काचताईने माझ्यावरून कागदावर चित्र उतरवलं आणि ओलं असतानाच आत्यापुढे धरलं. आत्याने चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. मग ती एकेका घरावर बोट ठेवू लागली.

"हे समोरचं आजीचं. हे थोरल्या काकाचं. हे मधल्याचं, त्याची बायको सगळ्यांशी भांडायची. हे आंधळ्या आत्तीचं, तिला दार कळावं म्हणून दोरी बांधलेली असायची. बघ, दिसते दोरी. हे बाबाच्या मोठ्या चुलतभावाचं. हे धाकट्या चुलतभावाचं, तिथं धुणं आहे बघ." तिचं बोट टेकडी चढत डाव्या कडेला गेलं. "आमच्यात ज्याचं लग्न शेवटी, त्याचं घर शेवटी. तेव्हा शेवटचं लग्न माझ्या बाबाचं झालं होतं. म्हणजे इथे..."

डाव्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा डाग होता. काचेचा पापुद्रा गेला की कागदावर तिथे काळं उतरतं. उजवीकडे नाला अगदी स्वच्छ आला होता, उतारावरचं गवतसुद्धा.

काचताईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. तिला सगळं उमगलं आणि ती मटकन खाली बसली.

"मी तुम्हाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "काच पालथी होती. उजवं-डावं उलट दिसतं. मी सांगितलंच नाही तुम्हाला."

आत्याने चष्मा काढून ठेवला. "बोट माझं होतं," ती म्हणाली, "हात तुझा. दोघींनी मिळून केलं. आता रडून काय, ऊठ."

कचेरीतल्या सुनावणीला मीसुद्धा गेले, काचताईच्या मांडीवर, खोक्यात. अधिकारी काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला सर्दी झाली होती आणि टेबलावर कागदांचा ढीग होता. त्याने मला खिडकीपाशी धरून नीट पाहिलं, आत्याने एकेक घर कोणाचं ते सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं. सहा घरं त्याने मान्य केली. त्या सहा घरांचे नातूपणतू दाराशी उभे होते, त्यांच्यातल्या एकाने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

"आणि कोपऱ्यातलं?" भाचीने विचारलं.

काचताई उभी राहिली. "तिथे यांच्या वडिलांचं घर होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. मी तसं लिहून सही करून देते. माझी नोकरी गेली तरी हरकत नाही."

"तुम्ही ते घर पाहिलंत?"

"नाही."

"मग होतं कशावरून?"

"या सांगतात म्हणून."

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "त्या आधीपासून सांगताहेत. नुसत्या सांगण्यावर भागलं असतं तर ही काच इथे कशाला आली असती? बाई, काळ्या डागावर मी घर कसं लिहू?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बोळ्यावर पुसलं जाऊन केरात गेलं होतं.

बाहेर आल्यावर भाची संतापली होती. ज्या बाईमुळे सगळ्यांना जागा मिळाली, तिलाच मिळू नये, हा कुठला न्याय, असं ती म्हणत होती. आत्या पायरीवर बसली. "दुधाची तहान ताकावर भागवायची," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू. फार वाईट वाटतंय." आणि तिने पदर डोळ्याला लावला.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा कोठीत आली. एकटीच आली होती. टेकडीवर काठ्या विणायला सुरुवात झालीय, आजीच्या घराची भिंत कमरेपर्यंत आलीय, असं तिने काचताईला सांगितलं. पोरांना छप्पर किती खाली आणायचं ते कळत नव्हतं, तर ती खुर्ची टाकून बसली आणि सांगत राहिली. कुंपणही झालंय. त्याचा एक खांब बरोबर बाबाच्या चुलीच्या जागी आलाय.

"काच बघू एकदा," ती म्हणाली.

काचताईने मला टेबलावर ठेवलं, या वेळी सरळ बाजूने, आणि दिवा लावला. आत्याने डाव्या वरच्या कोपऱ्यावर, त्या कोऱ्या जागेवर, आपला अंगठा टेकवला. उघडा, खरबरीत अंगठा. काचताई समोरच उभी होती. हात लावू नका, असं ती म्हणाली नाही. आत्याने अंगठा बराच वेळ तसाच ठेवला, मग उचलला आणि ती गेली. माझ्यावर ठसा राहिला. काचताईने मऊ कापड हातात घेतलं, माझं सगळं अंग पुसलं, त्या कोपऱ्यापाशी आली आणि कापड खाली ठेवलं.

मित्रांनो, आता मी थकले. उपदेश करण्याचा मला कंटाळा येतो आणि तुम्हाला ऐकण्याचा, तेव्हा थोडक्यात सांगते. कोणाचा फोटो काढाल तर त्याला आधी विचारा की तुला कसं उभं राहायचंय, आणि काढल्यावर त्याला दाखवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन माझ्यासारख्या काचा सांभाळायला लागलं, मी तुमच्या हाती आले, तर माझ्यावरची धूळ खुशाल झाडा. पण वरच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठ्याचा ठसा आहे, तो डाग समजून पुसू नका. तिथे घर आहे.